गोष्ट फुकट, अभिप्राय हेच मानधन

फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्याने रचलेली गोष्ट. ती लिहिणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. पात्रं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं. त्यावर रचलेली गोष्ट विकायला काढली की मूळ हक्कधारकाचे वकील जागे होतात. म्हणून गेली साठेक वर्षं या कथा फुकट, फार तर कागद आणि टपालाच्या खर्चात वाचकापर्यंत जात आल्या आहेत. मग सहा-सहा लाख शब्द लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडतं? वाचकांचं बोलणं. एखाद्या फॅनफिक लेखकावरून वाचक हमरीतुमरीवर येतात तेव्हा बाहेरच्या माणसाला ते खूळ वाटतं. पण इथे चर्चा म्हणजे गोष्टीची किंमत चुकती करण्याची रीत आहे, आणि ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

या इतिहासाची सुरुवात शेरलॉक होम्सपासून करायची पद्धत आहे. १८९३ साली कॉनन डॉयलने होम्सला धबधब्यात ढकललं आणि वाचक खवळले, हे खरं. पण ती सगळी तक्रार पगारी लेखकाकडे होती. वाचकांनी एकमेकांसाठी लिहिणं आणि त्यावर एकमेकांशीच वाद घालणं हे वेगळं प्रकरण, आणि माझ्या मते त्याचं मूळ अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या स्वस्त मासिकांत आहे. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासह छापली जाऊ लागली. परिणाम असा झाला की वाचक संपादकाला वगळून थेट एकमेकांना लिहू लागले. ओळखी झाल्या, क्लब निघाले आणि १९३० साली शिकागोहून ‘द कॉमेट’ हे पहिलं समजलं जाणारं फॅनझिन निघालं. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी हौसेने छापून वाटलेलं अंक-पत्रक.

या फॅनझिनांच्या दुनियेत एक रिवाज पडला. अंक हवा असेल तर पैसे पाठवा, नाहीतर आपलं फॅनझिन बदल्यात पाठवा, तेही नसेल तर मागच्या अंकावर सविस्तर पत्र लिहा. पत्र छापण्याजोगं असलं की पुढचा अंक मोफत. अभिप्रायाला मोल असतं हे या मंडळींनी अक्षरशः व्यवहारात आणलं होतं.

मग १९६६च्या सप्टेंबरात ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि वर्षभरातच, १९६७ साली, ‘स्पॉकानेलिया’ हे केवळ त्याच मालिकेला वाहिलेलं पहिलं झिन (फॅनझिनचंच आखूड नाव) निघालं. डेव्रा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड या संपादक. मालिकेतल्या स्पॉकची, म्हणजे व्हल्कन या परग्रही वंशाच्या अधिकाऱ्याची, भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयचं पत्र पहिल्याच अंकात होतं. विज्ञानकथांच्या जुन्या चाहत्यांत पुरुषांचा भरणा होता; इथे लिहिणाऱ्या, सायक्लोस्टाइल करणाऱ्या, पाकिटं चिकटवणाऱ्या बहुतेक बाया होत्या. पत्रव्यवहाराची रीत मात्र त्यांनी जशीच्या तशी उचलली. गोष्ट छापून आली की पुढच्या अंकात तिच्यावर पानंच्या पानं पत्रं. स्पॉक असं वागेल का, व्हल्कन लोकांच्या लग्नाच्या चालीरीती मालिकेतल्या एका भागाशी जुळतात का, लेखिकेने जहाजावरच्या डॉक्टरवर अन्याय केला का. आणि लेखिका पुढच्या अंकात उत्तर देणार.

या पत्रांनी काय घडू शकतं याचा ठसठशीत नमुना म्हणजे जॅकलिन लिक्टेनबर्गची ‘क्राइथ’ मालिका. १९६९च्या सुमारास सुरू झालेल्या या कथांत तिने व्हल्कन संस्कृती अगदी पाळामुळांपासून नव्याने रचली. वाचकांना ती रचना एवढी भावली, किंवा एवढी खटकली, की ते स्वतःच त्यात लिहायला बसले. जवळपास पन्नास जणांचा हात क्राइथला लागला असं सांगतात. ज्यांना तिची मांडणी पटली नाही त्यांनीही प्रतिवाद कथेतूनच केला. टीकेला उत्तर म्हणून टीका न लिहिता पर्यायी गोष्टच लिहायची, ही खोड फॅनफिक्शनमध्ये तिथून रुजली ती आजतागायत. लिक्टेनबर्गच्याच सहलेखनातून १९७५ साली ‘स्टार ट्रेक लाइव्ह्ज!’ हे पुस्तक आलं आणि असं काही लेखन अस्तित्वात आहे हे सर्वसामान्य अमेरिकन वाचकाला पहिल्यांदा कळलं.

पण पत्रं दुखवतही होती. १९७३च्या डिसेंबरात ‘मेनॅजरी’ या झिनच्या दुसऱ्या अंकात पॉला स्मिथने एक इटुकली विडंबनकथा छापली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी स्यू, वय वर्षं साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कॅप्टन तिला पाहताक्षणी प्रेमात पडतो, ती एकटीने जहाज सांभाळते, शेवटी मरते आणि सगळे ढसाढसा रडतात. झिनकडे येणाऱ्या ढीगभर हस्तलिखितांतली स्वप्नाळू नायिका तिने एका फटक्यात पकडली होती. विडंबन मार्मिक होतं यात वाद नाही. पण ‘ही तर मेरी स्यू’ हा शेरा पत्रांमध्ये इतका सैल हाताने मारला जाऊ लागला की पुढे काही लेखिकांनी कथेत महत्त्वाचं स्त्रीपात्र आणणंच टाळायला सुरुवात केली. मानधन म्हणून मिळणारी गोष्ट काढूनही घेता येते, हे तेव्हा पहिल्यांदा सर्वांना उमगलं. बायकांनीच चालवलेल्या दुनियेत बायकांची पात्रं लिहायची धास्ती वाटावी, हा विनोद मात्र कुणी फारसा हसून घेतला नाही.

१९९८ साली लॉस एंजेलिसच्या शिंग लीने ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हे संस्थळ सुरू केलं आणि महिन्या-दोन महिन्यांनी येणारं पत्र मिनिटांत येऊ लागलं. प्रत्येक प्रकरणाखाली ‘रिव्ह्यू’ची खिडकी आणि कथेच्या नावाशेजारी एकूण रिव्ह्यूंचा आकडा. हा आकडा फार प्रभावी ठरला, कारण वाचक त्याच्याकडे बघून कथा निवडत आणि लेखक त्याच्याकडे बघून उत्साह टिकवत. क्रमशः लिहिण्याला ऊत आला. इतके रिव्ह्यू झाल्याशिवाय पुढचं प्रकरण नाही, अशी खंडणीही काही जण मागू लागले. आपल्याकडे मराठी संस्थळांवर क्रमशः कथेखाली ‘पुभाप्र’, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, असे प्रतिसाद ज्यांनी वाचले किंवा टंकले आहेत त्यांना ही घाई नवी वाटणार नाही. हॅरी पॉटरचा चौथा भाग २००० साली आला आणि पाचव्यासाठी २००३च्या जूनपर्यंत थांबावं लागलं. त्या जवळजवळ तीन वर्षांच्या रिकाम्या जागेत अटकळी आणि फॅनफिक यांच्यातली सीमारेषाच पुसट झाली.

फॅनफिक्शन डॉट नेटवरच २८ फेब्रुवारी २०१० रोजी ‘हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ची पहिली प्रकरणं आली. लेखक एलिझर युडकोव्स्की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर लिहिणारा, कॉलेजचं तोंड न पाहिलेला स्वयंशिक्षित माणूस. कल्पना अशी की हॅरीच्या मावशीने मूळ पुस्तकातल्या व्हर्ननऐवजी ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाशी लग्न केलं. त्यामुळे हॅरी विज्ञानाची पुस्तकं वाचत वाढला आणि हॉग्वर्ट्स या जादूच्या शाळेत येऊन जादूलाच प्रयोगाच्या कसोटीवर घासू लागला.

या कथेवर जेवढं बोललं गेलं तेवढं फार थोड्या फॅनफिकवर बोललं गेलं असेल. त्याला कारण तिची बांधणी. रहस्यं वाचकाला सोडवता येतील अशीच रचली आहेत, सगळे धागे आधीच्या प्रकरणांत आहेत, हे लेखकाने उघड सांगितलं होतं. त्यामुळे प्रत्येक नवं प्रकरण म्हणजे वाचकांसाठी गृहपाठ. प्रोफेसर क्विरेल खरा कोण, अमुक वाक्य खोटं की अर्धसत्य, यावर शेकडो प्रतिसादांचे धागे चालत. लेखक ते वाचत असे, प्रकरणांच्या टिपांमध्ये उत्तरं देत असे, चुका दाखवल्यास जुनी प्रकरणं दुरुस्त करत असे. कथेवर चित्रं काढणाऱ्या वाचकांची नावं त्याने किरकोळ पात्रांना देऊन टाकली, ही दाद देण्याची तऱ्हा मला फार आवडते.

विरोधकही तितकेच चिवट होते. हॅरी असह्य शहाणपणा करतो, प्रत्येक मोठ्या माणसाला शिकवायला जातो, लेखक त्याच्या तोंडून स्वतःचीच मतं वदवतो, हे आक्षेप पहिल्या वर्षापासून होते. भौतिकशास्त्र शिकलेल्या एका टोपणनावी वाचकाने तर प्रकरणामागून प्रकरण घेऊन त्यातल्या विज्ञानाची झाडाझडती घेतली. मला स्वतःला पहिली वीस-पंचवीस प्रकरणं आगाऊ वाटली आणि त्यानंतरची खाली ठेवता आली नाहीत. दोन्ही बाजूंच्या वाचकांशी सहमत होण्याची वेळ अशी क्वचित येते.

मग २०१५च्या फेब्रुवारीअखेर ११३वं प्रकरण आलं. हॅरी शत्रूंच्या गराड्यात, हातात फक्त छडी, मरण समोर. प्रकरण तिथेच थांबलं आणि खाली लेखकाने वाचकांना उद्देशून लिहिलं की ही तुमची अंतिम परीक्षा आहे, साठ तास आहेत. या मुदतीत कुणीतरी हॅरीच्या सुटकेचा व्यवहार्य मार्ग सुचवला तर कथा पूर्ण लांबीने पुढे जाईल. नाहीतर आखूड आणि दुःखद शेवट मिळेल. अटी कडक होत्या. मदतीला अचानक कुणी धावून येणार नाही. हॅरीने आजवर कथेत दाखवलेल्या क्षमतांपलीकडे काही वापरायचं नाही. रिव्ह्यूची खिडकी, जिथे एरवी ‘छान, पुढचं लवकर टाका’ एवढंच येई, तिथे उपायांचा पाऊस पडला. वाचकांनी कामं वाटून घेतली, आलेले उपाय वर्गवारीने लावले, एकमेकांचे तर्क खोडले. वस्तूचा केवळ एक भाग रूपांतरित करण्याची हॅरीची क्लृप्ती कितीतरी आधीच्या प्रकरणात येऊन गेली होती. तिच्यातून केसाहून बारीक कार्बनचे धागे काढण्याचा मार्ग निघाला आणि कथा वाचली. १४ मार्च २०१५ रोजी, पाय दिनाचा (गणितातला ३.१४ म्हणून ३/१४) मुहूर्त साधून, १२२वं आणि शेवटचं प्रकरण आलं. त्या दिवशी ठिकठिकाणच्या शहरांत वाचकांनी जमून समारोपाचे मेळावे केले.

रिव्ह्यू मिळवण्यासाठी गोष्ट ओलीस ठेवण्याची जुनी, जराशी बदनाम युक्ती इथे परीक्षेच्या रूपात आली होती, हे टीकाकारांचं म्हणणं खोटं नाही. फरक एवढाच की त्याने वाचकांकडे कौतुक मागितलं नव्हतं, डोकं मागितलं होतं.

याच काळात दुसऱ्या टोकाचं एक प्रकरण घडत होतं. ‘ट्वायलाइट’ या कादंबरीमालिकेच्या पात्रांवर २००९पासून ‘मास्टर ऑफ द युनिव्हर्स’ नावाची कथा क्रमशः येत होती आणि तिच्यावर रिव्ह्यूंचा खच पडत होता. लेखिकेने ती काढून घेतली, पात्रांची नावं बदलली आणि २०११ साली ती ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ म्हणून बाजारात आली. लेखिकेचं नाव ई. एल. जेम्स. पुढचा खप सर्वांना ठाऊक आहे. पण त्या जुन्या वाचकांत जो राग उसळला तो पैशाच्या मत्सराने उसळला असं समजणं चुकीचं ठरेल. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही प्रकरणागणिक लिहिलं, चुका दाखवल्या, चार जणींना वाचायला लावलं. ते मोल आम्ही फुकट गोष्टीसाठी मोजलं होतं, पुस्तकाच्या जाहिरातीसाठी नाही. कायद्याच्या दृष्टीने या म्हणण्याला वजन नाही. फॅनझिनच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाच्या दृष्टीने आहे.

व्यापारी कंपन्यांवर विसंबायचं नाही म्हणून चाहत्यांनीच २००७ साली एक ना-नफा संस्था काढली आणि तिचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅनफिक्शनचं संग्रह-संस्थळ नोव्हेंबर २००९मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. २०१९ साली त्याला विज्ञानकथांच्या दुनियेतला ह्यूगो पुरस्कारही मिळाला, तोच गर्न्सबॅकच्या नावाचा. या संग्रहाने ‘कुडोज’ नावाचं बटण आणलं. एक टिचकी की दाद पोचली. लाजऱ्या वाचकांची सोय झाली, पण टिचकी दिली की शब्द लिहायची गरज उरत नाही, अशी लेखकांची कुरबुर तेव्हापासून चालू आहे. मला ती रास्त वाटते. बटण दाबणारा स्पॉक असा वागेल का हे विचारत नाही.

शब्द आटले असं मात्र नाही. ते लेखकासमोरून उठून दुसरीकडे गेले. ‘ऑल द यंग ड्यूड्स’ ही हॅरीच्या वडिलांच्या पिढीवरची १८८ प्रकरणांची कथा २०१८ साली पूर्ण झाली. तिचा खरा बोलबाला झाला तो त्यानंतर दोनेक वर्षांनी, टिकटॉकवर. तिथल्या वाचकांनी पात्रांसाठी नट निवडले, रडतानाचे व्हिडिओ टाकले, पुठ्ठ्यात बांधलेल्या प्रती दाखवल्या. लेखिका या संभाषणात कुठेच नव्हती. गुडरीड्स या पुस्तक-परीक्षणांच्या संस्थळावर फॅनफिकला तारे देऊन दुकानातल्या पुस्तकांसारखी परीक्षणं येऊ लागली तेव्हा अनेक लेखक कळवळून म्हणाले की आमच्या नोंदी काढा, आम्ही काही विकत नाही. वाचकाला यात गैर काय ते कळेना. त्याच्या लेखी ते वाचनीय पुस्तक होतं आणि पुस्तकावर मत द्यायला लेखकाची परवानगी कशाला? दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

‘मॅनॅकल्ड’ ही गाजलेली हॅरी पॉटर फॅनफिक लिहिणाऱ्या सेनलिन्यू यांनी २०२४ सरताना ती आर्काइव्हवरून काढून टाकली आणि तिचं नव्याने रचलेलं रूप २०२५च्या सप्टेंबरात ‘अल्केमाइज्ड’ नावाने रीतसर प्रकाशित झालं. या वेळी ती काढली जाणार याची पूर्वसूचना वाचकांना मिळाली होती, आणि अनेकांनी आपापली प्रत वेळेत उतरवून घेतली.