मेलचं पान उघडत नाही, म्हणून मेल गेले असं नसतं

पावसाळ्यात आमच्या रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात लाईट जाऊन परत आली की कुठल्यातरी पतसंस्थेतून फोन येतोच, सर्व्हर उडाला, सगळे मेल गेले! स्क्रीनवर काय दिसतंय विचारलं तर ‘५०२ बॅड गेटवे’. म्हणजे पुढचा वेब सर्व्हर जागा आहे, त्याच्या मागे काम करणाऱ्या प्रोग्रामकडून त्याला धड उत्तर मिळत नाहीये, बस. मेल डिस्कवर जिथल्या तिथे असतात.

ग्रुपवेअरमध्ये, म्हणजे ऑफिसचे मेल, कॅलेंडर वगैरे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मेल सांभाळणारा सर्व्हर वेगळा आणि पान दाखवणारा प्रोग्राम वेगळा. कोलॅब नावाच्या ग्रुपवेअरला पुढून राउंडक्यूब, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल दाखवणारा प्रोग्राम लावतात, त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये मागचा आयमॅप सर्व्हर, म्हणजे मेल सांभाळणारा सर्व्हर, कुठे आहे ते लिहायचं, दोन्ही एकाच मशीनवर असतील तर लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) आणि पोर्ट (दार क्रमांक) १४३.

आता खरी गंमत. ब्राउझर आणि वेब सर्व्हर ज्या भाषेत बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्तीच नाही, प्रत्येक क्लिक त्याच्यासाठी नवा माणूस. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉंटुलीने कुकी काढली, म्हणजे ब्राउझरकडे ठेवायची छोटी चिठ्ठी. गणपतीपुळ्याला चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं, बिल्ल्यावर फक्त नंबर आणि चपला आत. तुमच्या ब्राउझरकडे कुकीत नंबर असतो, आणि त्या नंबराच्या सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या तुमच्या लॉगिनच्या नोंदीत, तुमचा पासवर्ड कुलूपबंद करून ठेवलेला. क्लिक केलं की राउंडक्यूब नंबरावरून सेशन शोधतो, कॉन्फिगमधल्या ‘डीईएस की’ नावाच्या किल्लीने पासवर्ड उलगडतो, आयमॅपला नव्याने लॉगिन करतो, मेल आणतो, कनेक्शन सोडतो, आणि पुढच्या क्लिकला हे सगळं परत पहिल्यापासून! सेशन डेटाबेसमध्ये आणि किल्ली कॉन्फिग फाइलमध्ये, त्यामुळे नुसता डेटाबेस चोरीला गेला तरी पासवर्ड उघडत नाहीत, मला हे डिझाइन फार आवडतं. पण ही २४ अक्षरी किल्ली राउंडक्यूबसोबत येणाऱ्या नमुना फाइलमधली जशीच्या तशी ठेवणारे लोक आहेत. तो नमुना जगजाहीर आहे, कृपा करून बदला, बदलल्यावर सगळ्यांना एकदा परत लॉगिन करावं लागेल तेवढंच.

राउटरला लिंबू-मिरची बांधलेलीही मी पाहिली आहे. तिने काहीही होत नाही, एरर मेसेज वाचल्याने होतं. लॉगिनचं पान येतंय पण ‘स्टोरेज सर्व्हर’शी कनेक्शन फेल म्हणतंय तर आयमॅप सुरू झालेला नाही, आणि ५०२ असेल तर बहुतेक वेळा पीएचपी-एफपीएम, म्हणजे वेब सर्व्हरच्या मागे राउंडक्यूब चालवणारा प्रोग्राम, उठलेलं नसतं. जे बंद असेल ते आधी सुरू करून बघा, फॉरमॅट मारायला घेऊ नका, कारण मेल खरोखर जातात ते तेव्हा.