पुणे चॅलेंजर टेनिस स्पर्धा

पुण्याच्या पश्चिमेकडील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात हार्डकोर्टवर खेळवली जाणारी पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा. ती एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंची संघटना) चॅलेंजर मालिकेचा भाग असून महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना (एमएसएलटीए) तिचे आयोजन करते. प्रायोजक बदलला की स्पर्धेचे नावही बदलते. त्यामुळे ‘केपीआयटी एमएसएलटीए चॅलेंजर’ आणि ‘महा ओपन’ ही नावे वृत्तपत्रांतून दोन वेगळ्या स्पर्धांसारखी वाचनात येतात, मात्र शहर, मैदान आणि आयोजक पाहता तो एकच धागा मानणे योग्य ठरते. ठाणे आणि नवी मुंबईतील टेनिसप्रेमींना सर्वांत जवळची चॅलेंजर स्पर्धा ती हीच. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने निघालेल्या माणसाला मूळ पुणे शहरात न शिरताच बालेवाडी गाठता येते.

व्यावसायिक पुरुष टेनिसमध्ये सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम आणि एटीपी दौऱ्यातील स्पर्धा असतात, तर तळाशी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा असतात. या दोन थरांमधला जिना म्हणजे १९७८ मध्ये सुरू झालेली चॅलेंजर मालिका होय. जागतिक क्रमवारीत साधारण शंभर ते तीनशे या दरम्यान असलेल्या खेळाडूंचे वर्ष प्रामुख्याने याच स्पर्धांत जाते. क्रमवारीत पहिल्या शंभरात आलेल्या खेळाडूला ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत जवळजवळ निश्चितपणे थेट प्रवेश मिळतो. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीची केवळ पहिली फेरी खेळून हरणाऱ्यालाही एक लाख वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळत होते. याउलट चॅलेंजरच्या मुख्य फेरीतील पहिलाच सामना गमावणाऱ्याच्या खात्यात क्रमवारीचा एकही गुण जमा होत नाही. वर्षभराचे विमानभाडे, प्रशिक्षकाचा खर्च आणि युरोपातील मुक्काम स्वतःच्या खिशातून भागवणाऱ्या भारतीय खेळाडूला घराजवळ होणारी अशी स्पर्धा किती मोलाची असते, हे या तफावतीवरून ध्यानात येते.

पहिली स्पर्धा २०१४ मध्ये झाली. त्या वेळी तिचा दर्जा पन्नास हजार डॉलर बक्षिसाच्या गटातला होता. पहिला विजेता ठरलेला जपानचा युइची सुगिता पुढे २०१७ मध्ये जागतिक क्रमवारीत ३६ व्या स्थानापर्यंत चढला. २०१५ मध्ये भारताच्या युकी भांबरीने रशियाच्या एवगेनी डॉन्स्कॉयला हरवून विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी तो प्रथमच पहिल्या शंभरात पोहोचला. २०१७ ची अंतिम लढत दोन भारतीयांमध्येच झाली. तीत युकीने पहिला सेट गमावल्यानंतर रामकुमार रामनाथनला ४-६, ६-३, ६-४ असे नमवून दुसऱ्यांदा विजेतेपद पटकावले. एकेरीत पुण्यात दोनदा जिंकलेला भारतीय म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे.

मात्र या स्पर्धेचे खरे स्वरूप विजेत्यांच्या यादीपेक्षा प्रज्ञेश गुणेश्वरनच्या कहाणीतून अधिक स्पष्ट होते. चेन्नईचा हा डावखुरा खेळाडू गुडघ्यांच्या दुखापतींमुळे उमेदीच्या वर्षांत मोठा काळ कोर्टाबाहेर होता. २०१६ मध्ये त्याने पुण्यात अंतिम फेरी गाठली, पण तेथे फ्रान्सच्या सादियो दुम्बियाने त्याला हरवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये बंगळूरुची चॅलेंजर जिंकून तो लगेच पुढच्या आठवड्यात बालेवाडीला आला, पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि स्वीडनच्या एलियास यमेरकडून पुन्हा पराभूत झाला. दोन्ही वेळा करंडक हुकला, तरी २०१८ च्या बंगळूरु आणि पुण्यातील दोन आठवड्यांत मिळवलेले गुण वाया गेले नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये तो पात्रता फेरीतून ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या मुख्य फेरीत दाखल झाला, फेब्रुवारीत पहिल्या शंभरात आला आणि एप्रिलमध्ये त्याने ७५ वे स्थान गाठले. उपविजेतेपदाची नोंद इतिहासात सहसा एका ओळीत संपते. प्रज्ञेशच्या बाबतीत ती तशी संपवणे अन्यायाचे होईल.

याच सुमारास बालेवाडीला मोठ्या स्पर्धेचेही यजमानपद मिळाले. चेन्नईत १९९७ पासून होत असलेली एटीपी दौऱ्यातील स्पर्धा २०१८ मध्ये ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या नावाने पुण्यात आली आणि जील सिमाँ तिचा पहिला विजेता ठरला. त्यामुळे दोन वर्षे नोव्हेंबरमध्ये चॅलेंजर आणि वर्ष उलटताच एटीपी स्पर्धा असा जोडहंगाम पुण्याला लाभला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेम्स डकवर्थने ब्रिटनच्या जे क्लार्कला हरवून चॅलेंजर जिंकली. त्यानंतर करोनाच्या साथीमुळे खंड पडला.

२०२३ पासून चॅलेंजर पुन्हा सुरू झाली, ती फेब्रुवारीच्या आसपास चेन्नई आणि बंगळूरुच्या स्पर्धांशी जोडून. सलग आठवड्यांत तीन शहरे आल्यामुळे परदेशी खेळाडूंनाही एका फेरीत भारतातील या स्पर्धा खेळणे परवडू लागले. दर्जाही वाढून १०० गुणांच्या गटात गेला, म्हणजे विजेत्याला शंभर क्रमवारी गुण मिळू लागले. दुसरीकडे, एटीपी दौऱ्यातील मोठी स्पर्धा २०२४ पासून हाँगकाँगला गेली. एकेकाळी मोठीची धाकटी बहीण समजली जाणारी चॅलेंजर त्यामुळे राज्यातील पुरुष टेनिसचा मुख्य आधार बनली.

२०२४ मध्ये मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशरोने ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम वॉल्टनला हरवले. पहिला सेट गमावून पुढचे दोन्ही त्याने टायब्रेकरवर (६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक खेळात) जिंकले होते. वीस महिन्यांनी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, क्रमवारीत २०४ व्या स्थानावर असलेला हाच वाशरो पात्रता फेरीतून शांघाय मास्टर्समध्ये (ग्रँड स्लॅमच्या खालोखाल दर्जाच्या स्पर्धेत) शिरला आणि अंतिम सामन्यात आपल्याच मावसभावाला, फ्रान्सच्या आर्थर रिंडरक्नेशला नमवून विजेता झाला. मास्टर्स दर्जाची स्पर्धा जिंकणारा क्रमवारीतील इतका खालचा खेळाडू तोवर झाला नव्हता. २०२५ ची पुण्याची स्पर्धा चेक प्रजासत्ताकाच्या दालिबोर स्वर्चिनाने जिंकली.

स्पर्धा पावसाळा टाळून घेतली जाते. उघड्या हार्डकोर्टवर ओल राहिली तर खेळ थांबवावाच लागतो. ठाण्यात पावसाळ्यात पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, त्यामुळे येथील उघड्या कोर्टांवरचा सरावाचा हंगाम आणखी आखूड असतो. दुसरा फरक उंचीचा आहे. ठाणे आणि वाशी समुद्रसपाटीला लागून, तर पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असल्याने चेंडूला होणारा विरोध कमी होतो, तो वेगाने जातो आणि अधिक उसळतो. खाडीकाठच्या दमट हवेत हात बसलेल्या खेळाडूचे फटके बालेवाडीत सुरुवातीला बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) बाहेर जातात. म्हणूनच तेथे खेळायला जाणारे खेळाडू शक्यतो एकदोन दिवस आधी पोहोचतात आणि रॅकेटच्या गटिंगचा (जाळीच्या तारांचा) ताण थोडा वाढवून घेतात.