ठिणगीआधीच पेटणारा हायड्रोजन

मे २०२१मध्ये जपानच्या फुजी स्पीडवेवर २४ तासांच्या शर्यतीत टोयोटाची एक कोरोला धावली. इंजिन तीन सिलिंडरचं, १.६ लिटर टर्बो (म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारं). टाकीत मात्र पेट्रोलऐवजी हायड्रोजन. हायड्रोजनपासून वीज बनवणारा फ्युएल सेल नव्हता, हायड्रोजन थेट सिलिंडरमध्येच जळत होता.

हायड्रोजन पेटवणं सोपं. तो हव्या त्या क्षणी पेटवणं महाकठीण. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायला साधारण ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा लागते, हायड्रोजनला ०.०२ पुरते. त्यामुळे स्पार्क प्लगचं तापलेलं टोक, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टन रिंगांमधून वर चढलेला तेलाचा थेंबही ठिणगीचं काम करून जातो. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतानाच भडका उडाला, तर ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळ्यांमध्ये शिरते. हाच बॅकफायर.

म्हणून प्लग लवकर थंड होणारे निवडतात. प्लॅटिनमच्या टोकाचे टाळतात, कारण प्लॅटिनम हायड्रोजनच्या ज्वलनाला स्वतःच चालना देतं. पण खरा फरक पडतो डायरेक्ट इंजेक्शनने. इनटेक व्हॉल्व्ह मिटल्यावर हायड्रोजन सरळ सिलिंडरमध्ये सोडला, की मॅनिफोल्डमध्ये पेटायला काही उरतच नाही. शिवाय हवेची जागाही वाचते. एरवी पूर्ण ज्वलनाच्या मिश्रणात जवळपास ३० टक्के जागा हायड्रोजनच अडवतो.

कार्बन नाही म्हणून धूर अगदी स्वच्छ, असं मात्र नाही. ज्वाला फार तापली की हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू बनतात. त्यावर उपाय म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त हवा देणं. हवेत ४ टक्के असला तरी हायड्रोजन पेटतो, त्यामुळे इतकं विरळ मिश्रणही जळतं, आणि थंड जळतं. ताकद घटते, ती टर्बोने भरून काढावी लागते.

इथे खरी ओढाताण सुरू होते. ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेरे) इंजिनाचा अर्धा फेरा, म्हणजे पिस्टनची एक खेप, १० मिलिसेकंदांत संपतो. इंजेक्शन उशिरा केलं, तर मिसळायला तेवढाही वेळ मिळत नाही. कुठेतरी दाट मिश्रणाचा कप्पा राहतो, तिथे तापमान चढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड परत येतात. म्हणून माझ्या मते या इंजिनाचं भवितव्य इंजेक्टरवर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या तोटीवर ठरेल. डिझेल स्वतःच्या इंजेक्टरला वंगण पुरवतं, हायड्रोजन कोरडा. इंजेक्टरचं तोंड उघडणारी-मिटणारी सुई आणि तिची बैठक झिजली, की गळती सुरू. मार्च २०२५मध्ये टाटा मोटर्सने ज्या हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्या सुरू केल्या, त्यांतले काही अशाच इंजिनांचे आहेत आणि चाचणीच्या मार्गांत मुंबई-पुणे परिसरही आहे. लांब पल्ल्याच्या, भारी ओझ्याच्या धावेत या सुया किती टिकतात, ते तिथे कळेल.