पार्श्वभूमी : अणूवरचे माहितीपट आणि एका शब्दाचा घोळ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळातल्या सूक्ष्म कंपनांची, वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काम अणुऊर्जा खात्याकडे असल्याने सरकारी कागदावर 'अणू' हा शब्द दिसतो आणि वाचणाऱ्यापुढे अणुभट्टी उभी राहते. प्रत्यक्षात तिथे युरेनियम नाही, विखंडन (अणूचा गाभा फोडणे) नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून जाणारा लेझरचा किरण, एवढेच. ही गल्लत फार जुनी आहे, आणि पडद्यावरून आलेल्या शब्दांचा तिच्यात मोठा वाटा आहे.

'शांततेसाठी अणू' ही अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची घोषणा ८ डिसेंबर १९५३ची. त्याच वर्षी अमेरिकेत अणूची माहिती देणारा पंधरा मिनिटांचा रंगीत ॲनिमेशनपट निघाला. आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्या दिवशी मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता; तीन महिन्यांनी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. थिएटरात मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवणे सक्तीचे होते. त्यांची भाषांतरे देशी भाषांत होत, आणि खरी अडचण तिथेच होती.

निजामाच्या काळात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले पदार्थविज्ञान उर्दूतून शिकवले जाई. तिथे शिकलेल्यांच्या वहीत ॲटम म्हणजे 'जौहर' आणि मॉलिक्यूल म्हणजे 'सालिमा'. मराठी शाळांत त्याच जोडीला अणू आणि रेणू म्हणतात. हिंदी पाठ्यपुस्तकांत मात्र ॲटम हा 'परमाणु', आणि 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल. त्यामुळे हिंदी निवेदक 'पानी का अणु' म्हणतो तेव्हा तो बरोबरच असतो, पण मराठी मुलाच्या कानाला ते चूक लागते. त्याच्या पुस्तकात पाण्याचा रेणू असतो, अणू नसतोच. एका पिढीच्या अंतराने एकाच घरात तीन शब्द नांदले.

ॲटमला 'परमाणू' म्हणण्याच्या बाजूने परंपरेचा आधार आहे, हे मान्य करावे लागते. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनातला परमाणू हा शेवटचा, न फुटणारा कण. दोन मिळून द्व्यणुक होते. पण विखंडनाच्या चित्रपटात नेमके तेच फुटताना दाखवायचे असते! शिवाय अणू-रेणू ही जोडी वर्गात एकमेकींत मिसळत नाही. मराठी ध्वनिमुद्रणात हिंदी संहितेचा 'परमाणु' तसाच ठेवणे हा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला 'अणुऊर्जा' हा शब्दही निर्दोष नाही. परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो तेव्हाही अणूच एकमेकांना जोडले जातात. कार्बनच्या एका अणूमागे साधारण चार इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या पातळीवरची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा सुटते. युरेनियम-२३५चे एक केंद्रक, म्हणजे अणूचा गाभा, दुभंगले की सुमारे २० कोटी. म्हणजे जवळपास पाच कोटी पट. हा फरक केंद्रकामुळे पडतो आणि शब्दात केंद्रकाचा पत्ताच नाही. 'केंद्रकीय ऊर्जा' म्हटले असते तर निवेदकाला पुढचे अर्धे समजावणे वाचले असते.

१८ मे १९७४ला पोखरणचा स्फोट झाला आणि अणू हा शब्द पुन्हा बॉम्बला चिकटला. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपक ऐंशीच्या दशकात पसरले. १५ ऑगस्ट १९८४पासून विद्यापीठीय शिक्षणाचे कार्यक्रम देशभर दिसू लागले, पण सुरुवातीला इंग्रजीत. ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलांना त्यातली आकृती कळे, निवेदन निसटे.

आता पडदा मोबाइलचा आहे. लातूरला नीटची तयारी करणारी मुले हिंदी-इंग्रजी मिश्र व्हिडिओ पाहतात. आठवीत 'अणूचे अंतरंग' या धड्यात 'केंद्रक' शिकलेला मुलगा बारावीत 'न्यूक्लियस' लिहितो आणि रात्री कानाला हेडफोन लावून 'नाभिक' ऐकतो. तिन्ही एकच, हे त्याला सांगणारी एक ओळही त्या व्हिडिओखाली नसते.