आर्टेमिसिनिनचे मोजमाप: एका आकड्याची पार्श्वभूमी

हिवतापावरचे जुने औषध कोयनेल (क्विनाइन) मोजणे तुलनेने सोपे होते. सल्फ्युरिक आम्लात ते निळसर चमकते आणि अतिनील प्रकाशही चांगला शोषते. ते ज्यातून मिळते त्या सिंकोनाच्या सालीचा भाव 19व्या शतकातच तपासणीवर ठरू लागला होता. आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या वनस्पतीच्या पानांतून मिळणारे हिवतापावरचे औषध आर्टेमिसिनिन, त्यात यातले काहीच नाही. 220 नॅनोमीटरच्या वर हा रेणू प्रकाश जवळजवळ शोषत नाही, आणि त्याखाली पानांतल्या इतर अनेक पदार्थांची गर्दी होते. पुढचे सगळे वाद या एका अडचणीतून निघाले.

चीनमध्ये 1971-72 साली आर्टेमिसिया अ‍ॅनुआचा अर्क कमी तापमानाला ईथरने काढला गेला, तेव्हा मोजमाप म्हणजे हिवतापाचे परजीवी टोचलेले उंदीर बरे होतात का, एवढेच होते. क्ष-किरणांनी रचना उलगडली ती 1970च्या दशकाच्या मध्यावर. रेणूत पेरॉक्साइडचा पूल, म्हणजे दोन ऑक्सिजन अणूंचा जोड, आहे हे कळल्यावर आयोडाइडच्या अभिक्रियेचा आधार मिळाला; पेरॉक्साइड आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करते. पण पानांच्या कच्च्या अर्कात ती पद्धत भरवशाची नव्हती. वायू वर्णलेखनात (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वायूच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत) उष्णतेने रेणूच मोडतो. त्याच्या तुकड्यांवरून मूळ प्रमाण काढण्याचे प्रयत्नही झाले.

1980च्या दशकात एक निर्णय झाला आणि तो दीर्घकाळ टिकला. रेणू दिसत नसेल, तर दिसेल असा बनवायचा. अर्क सौम्य कॉस्टिक सोड्यात सुमारे 50 अंशांवर अर्धा तास ठेवला की 292 नॅनोमीटरला शोषण करणारा पदार्थ तयार होतो. तो फारसा टिकत नाही, म्हणून आम्ल घालून त्याचे 260 नॅनोमीटरला दिसणाऱ्या पदार्थात रूपांतर करतात. हे दोन पदार्थ क्यू-292 आणि क्यू-260 या नावांनीच ओळखले जातात.

गोंधळ इथूनच सुरू झाला. 'अल्कली पद्धत' म्हणून दोन फार वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एकीत अभिक्रियेनंतर क्यू-260 एचपीएलसीच्या (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करणारे द्रव वर्णलेखन) स्तंभातून वेगळा करून मोजतात. दुसरीत सगळे मिश्रण थेट स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये (प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र) घालून 292चे वाचन घेतात. शुद्ध भुकटीसाठी दुसरी पद्धत चालते, औषधसंहितेतही तिला जागा मिळाली. पानांसाठी मात्र ती वापरायला नको होती: अल्कलीत रंग बदलणारे फिनॉलिक पदार्थ पानांत भरपूर असतात, आणि त्यांचे शोषणही आर्टेमिसिनिनच्या खात्यावर जमा होते. म्हणूनच जुन्या लेखांतली 'पानांत इतके टक्के' ही विधाने पद्धत पाहिल्याशिवाय एकमेकांशेजारी ठेवू नयेत. माझ्या मते स्तंभासह केलेली क्यू-260 पद्धत त्या काळासाठी योग्यच होती. तिच्या नावाखाली स्वस्त वाचन खपले, हे नुकसान मोठे झाले. एक टन सुक्या पानांत 0.8 टक्के म्हणजे 8 किलो. चाचणीने 1 टक्का दाखवला तर 2 किलो केवळ कागदावर असतात, आणि त्याचे पैसे कोणी तरी मोजतो.

2001 नंतर संयुक्त उपचाराची, म्हणजे आर्टेमिसिनिन गटातले औषध दुसऱ्या औषधासोबत देण्याची, शिफारस झाली, मागणी वाढली, आणि चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिका व भारतातल्या लागवडीसाठी तपासणी हा व्यवहाराचा भाग बनला. याच सुमारास बाष्पीभवनानंतर उरलेल्या कणांवरून प्रकाश विखुरतो ते मोजणारा शोधक, म्हणजे ईएलएसडी, रुळला. त्याला रेणूने प्रकाश शोषण्याची गरज नसते. मात्र त्याचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो, म्हणून प्रमाण द्रावणांची मालिका काळजीपूर्वक करावी लागते. द्रव वर्णलेखनाला वस्तुमान वर्णपटमापी (रेणूंना त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) जोडल्यावर विशिष्टतेचा प्रश्न बराच सुटला. अँटिबॉडीवर आधारलेल्या पट्ट्या औषध ओळखायला उपयोगी पडतात.

नमुना घेण्याचा प्रश्न मात्र कुठल्याही यंत्राने सुटत नाही. ताज्या पानात डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्ल असते, आणि सुकताना प्रकाश व ऑक्सिजनमुळे त्याचा काही भाग आर्टेमिसिनिनमध्ये बदलतो. त्यामुळे पान उन्हात सुकवले, सावलीत की भट्टीत, आणि ते किती दिवसांनी तपासले, याची नोंद आकड्यासोबत असायला हवी. बऱ्याच जुन्या तक्त्यांत ती नाही.