सांताक्रूझचा सांता आणि पंढरीचे संत

लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन, सांताक्रूझ’ ऐकलं की माझ्या डोक्यात एक जुना प्रश्न पुन्हा येतो. हा ‘सांता’ म्हणजे आपला संतच का? ‘सांता क्रूझ’ हे पोर्तुगीज, अर्थ पवित्र क्रूस. इंग्रजी ‘सेंट’ त्याच कुळातला. उच्चार जवळचा, अर्थही जवळचा, त्यामुळे ‘सेंट हा शब्द आपल्या संतवरूनच गेला’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ऐकायला बरं वाटतं म्हणून आपणही मान डोलावतो. पण तसं नाही.

शब्दांचं नातं आजच्या चेहऱ्यावरून ठरत नाही, मागे जाऊन पाहावं लागतं. ‘सेंट’चं लॅटिन रूप ‘सांक्टुस’. त्यातला ‘क’ फ्रेंचांनी गिळला आणि उरलेला शब्द इंग्रजीत गेला. ‘सांक्टुस’ आला ‘सांकीरे’ या क्रियापदावरून: विधिपूर्वक पक्कं करणं, मोडता येणार नाही असं ठरवणं. ‘लोन सँक्शन झालं’ म्हणताना आपण वापरतो तो सँक्शनही याच क्रियापदाचा. म्हणजे सेंट आणि सँक्शन सख्खे भाऊ!

आता तो ‘क’ पाहा. लॅटिन आणि संस्कृत या एकाच जुन्या भाषेच्या लेकी, म्हणून त्यांच्यात जोडीचे शब्द सापडतात. लॅटिन ‘युंक्टुस’ म्हणजे जोडलेला, त्याचं संस्कृत भावंड ‘युक्त’. लॅटिन ‘ऑक्टो’चं भावंड ‘अष्ट’. लॅटिनमधल्या या ‘क्ट’समोर संस्कृतात ‘क्त’ तरी असतो, नाहीतर ‘ष्ट’. ‘संत’मध्ये दोन्ही औषधालाही नाहीत. नात्याचा दावा तिथेच पडतो.

मग संत आला कुठून? ‘अस्’ या धातूपासून. अस् म्हणजे असणं. त्यापासून ‘सत्’, म्हणजे ‘असणारा’. पुल्लिंगी एकवचन ‘सन्’ आणि अनेकवचन ‘सन्तः’. पाली-प्राकृतात ‘सन्त’ हेच मूळ रूप धरलं गेलं आणि ते एकवचनातही चालू लागलं. मराठीत मात्र आपण ‘संत म्हणतात’, ‘संत आले’ असं आदरार्थी बहुवचनातच बोलतो, तेव्हा अनेकवचन निराळ्या वाटेने घरी परतलं म्हणायचं. (पालीत ‘शान्त’चंही ‘सन्त’च होतं. त्यामुळे ‘संत म्हणजे शांत’ ही व्युत्पत्ती सांगणारे अगदीच हवेत बोलत नसतात.)

‘असणारा’पासून ‘पुण्यवान’पर्यंतची मजल टप्प्याटप्प्याने झाली. ऋग्वेदातल्या ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’मध्ये सत् म्हणजे जे आहे ते. जे आहे ते खरं, आणि जे खरं ते चांगलं. गीतेच्या १७व्या अध्यायात तर शब्दकोशासारखी नोंदच आहे: ‘सद्भावे साधुभावे च सदित्येतत्प्रयुज्यते’, म्हणजे असणं आणि चांगलं असणं या दोन्ही अर्थांनी ‘सत्’ वापरतात. कालिदासाचे ‘सन्तः’ आणखी वेगळे. रघुवंशाच्या आरंभी तो म्हणतो, हे काव्य ‘सन्तः’ मंडळींनी ऐकावं, कारण सोन्याचा कस आगीतच कळतो. हे काही टाळकरी नव्हेत, हे चोखंदळ जाणकार. आजच्या भाषेत समीक्षक! समीक्षकाला संत म्हणायला आज किती लेखक तयार होतील, कोण जाणे.

याच ‘सत्’ची इतर लेकरं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘सत्य’ तर उघडच. ‘सती’ हे त्याचं स्त्रीलिंगी रूप. आणि ‘सत्ता’? तिचा मूळ अर्थ नुसतं असणं, अस्तित्व. संत आणि सत्ता एकाच आईची, हे पटायला जरा वेळ लागतो.

संतचे युरोपातले नातलगही आहेत, पण ते भलतीकडे सापडतात. डॅनिश भाषेत ‘सान’ म्हणजे खरं, जुन्या इंग्रजीत ‘सोथ’ म्हणजेही खरं. लॅटिनमध्ये मात्र ‘सोन्स’ म्हणजे गुन्हेगार! याची किल्ली तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांकडे मिळते. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी राजा मुर्शिली (दुसरा) याच्या राज्यात साथीने माणसं मरत होती. देवांपुढच्या त्याच्या प्रार्थना मातीच्या पाट्यांवर उरल्या आहेत. त्यांत कबुली येते ती ‘असान’ या शब्दाने. ‘आहे खरं, केलं आम्ही.’ हा ‘असान’ म्हणजे आपल्या ‘सत्’चाच भाऊ. ज्याच्या बाबतीत ‘आहे खरं’ ठरलं, तो लॅटिनमध्ये दोषी झाला. आपल्याकडे ‘असणारा’ खरा ठरला, मग चांगला, मग संत. इंग्रजी ‘सिन’, म्हणजे पाप, हाही बहुधा याच घरातला.

जन्माने परके ‘सांक्टुस’ आणि ‘संत’ हे दोन शब्द वसईत मात्र शेजारी आले. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत क्रूसावर मारण्यात आलं आणि १८६२ साली रोमने त्यांना ‘सांक्टुस’ जाहीर केलं. वसईतले मराठी ख्रिस्ती त्यांना म्हणतात, संत गोन्सालो गार्सिया.