आधी गुरूचं नाव, मग स्पर्धेचं

कोणत्याही कॉन्सर्ट पियानोवादकाची ओळख वाचा, दोन गोष्टी हमखास सापडतात: तो कोणाकडे शिकला आणि कोणती स्पर्धा जिंकला. पहिलीचा मान जुना आहे. दुसरी मागून आली आणि पुढे बसली.

गुरूंचा धागा व्हिएन्नात सापडतो. बेथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी मंचावर फारसा रमला नाही, पण शिकवण्या मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत घ्यायचा. नंतर पियानोवादक म्हणून गाजलेला लिस्ट लहानपणी त्याच्याकडेच तयार झाला. पुढे १८२३ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीने, म्हणजे संगीत विद्यालयाने, या मुलाला परदेशी म्हणून दारातूनच परत पाठवलं! चेर्नीचा दुसरा शिष्य लेशेटित्स्की, त्याचा श्नाबेल, श्नाबेलचा लिऑन फ्लायशर. फ्लायशर २०२० मध्ये गेला. म्हणजे बेथोव्हेन आणि आपण यांच्यामध्ये चारच माणसं.

दरम्यान शिक्षण संस्थांकडेही गेलं होतं. पॅरिसची कॉन्झर्वेटरी १७९५ ची, लायप्झिगची १८४३ ची, सेंट पीटर्सबर्गची १८६२ ची, मॉस्कोची १८६६ ची. तरी आतला व्यवहार बदलला नाही. खोलीत दोन पियानो, एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि स्वरलिपीवर पेन्सिलीने लिहिलेले बोटांचे आकडे, १ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी. एखाद्या अवघड जागी ४ खोडून ३ करायचा की नाही, यावर अख्खा तास जातो.

एकट्याने अख्खी मैफल रंगवण्याची प्रथाही काही आद्य नव्हे. आधी कार्यक्रमात गायक, वाद्यवृंद, पियानो असं सगळं मिसळलेलं असे. लिस्टने १८४० मध्ये लंडनला 'रिसायटल' शब्द जाहिरातीत टाकला, तेव्हा पियानोवर पठण कसं करतात, असा प्रश्न लोकांना पडला. जर्मन पियानोवादक क्लारा वीकने १८३७ मध्ये बर्लिनला समोर स्वरलिपीचा कागद न ठेवता वाजवलं, तर तिच्यावर आगाऊपणाचा शिक्का बसला. आज एकल वादनात कागद दिसला तर भुवया उंचावतात.

दौऱ्यांचा धंदा कसा फोफावला ते रशियन पियानोवादक अंतोन रुबिनस्टाइनकडे पाहून कळतं. १८७२-७३ मध्ये त्याने अमेरिकेत २१५ कार्यक्रम केले. पैसा मिळाला, पण तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. आणि गंमत बघा, १८९० मध्ये पियानोवादकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली तीही त्यानेच.

खरं वळण मात्र विसाव्या शतकातलं. वॉर्सॉची शोपँ स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली. १९५८ मध्ये मॉस्कोची पहिली चायकोव्स्की स्पर्धा २३ वर्षांच्या व्हॅन क्लायबर्न या अमेरिकन तरुणाने जिंकली. शीतयुद्ध ऐन भरात असताना! न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली. त्याची शिक्षिका रोझिना लेव्हिन मूळची मॉस्को कॉन्झर्वेटरीचीच, हे त्या जल्लोषात मागे पडलं. तेव्हापासून पदक म्हणजे करार, रेकॉर्ड, तारखा असं समीकरण बसलं. परीक्षकांचा कौल नेहमी पटतोच असं नाही. १९८० च्या शोपँ स्पर्धेत इवो पोगोरेलिचला अंतिम फेरीआधी वगळलं, म्हणून पियानोवादक मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळातून उठून गेली.

पदकानंतरचं आयुष्य बाहेरून दिसतं तितकं झगमगीत नाही. व्हायोलिनवादक आपलं वाद्य घेऊन फिरतो, पियानोवादकाला सभागृहात असेल तो पियानो. सकाळी थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात पट्टी किती खोल जाते, पेडल कुठे पकडतं, हे हाताला आणि पायाला कळायला हवं. होरोविट्झसारख्या एखाद्यालाच आपला पियानो बरोबर नेणं परवडलं.

शरीरही दगा देतं. ब्रुसेल्सची स्पर्धा १९५२ मध्ये जिंकलेल्या फ्लायशरच्या उजव्या हाताची दोन बोटं साठच्या दशकात आत वळू लागली. पुढची अनेक वर्षं तो डाव्या हातासाठी रचलेलं संगीत वाजवत आणि शिकवत राहिला. नव्वदच्या दशकात इंजेक्शनांनी उजवा हात बराचसा मोकळा झाला, तेव्हा तो दोन्ही हातांनी मंचावर परतला.

१९८० च्या त्या गाजलेल्या स्पर्धेत पहिला आला तो हनोईचा दांग थाय सोन. युद्धात बॉम्बफेक सुरू झाल्यावर शहराबाहेर हलवलेल्या संगीतशाळेत तो लहानपणी शिकला होता, मग मॉस्कोला गेला. त्याचा शिष्य ब्रूस लिऊ याने २०२१ मध्ये तीच स्पर्धा जिंकली.